बांगडी टेकली तरी खुपते : निपाणीकडच्या एका विडी कामगार बाईंचं प्रकरण

सिस्टरनी बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळला, फुगा दाबायला लागल्या आणि बाई "आई गं" करत खुर्चीतून अर्ध्या उठल्या. काटा १४० वरही पोचला नव्हता. सिस्टरनी माझ्याकडं बघितलं, मी बाईंकडं. त्या लगेच ओशाळल्या. "न्हाई न्हाई, दाबा तुमी. माझंच आंग असलं हाय," म्हणाल्या.

बीपीच्या पट्ट्यानं थोडी आवळ सगळ्यांनाच जाणवते. पण पट्टा फुगताना कळवळणारा माणूस दिसला की डॉक्टरनं पेन खाली ठेवून नीट बघावं, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि प्रॅक्टिसमध्ये विसरलो होतो. त्या दिवशी आठवलं, ते सिस्टरनी आणखी एक गोष्ट टिपली म्हणून. बाई बाहेर लघवीचा नमुना द्यायला गेल्या तेव्हा सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, गळ्यात डोरलं हाय, कपाळाला कुंकू हाय, पण हातात काकणं न्हाईत. दोन्ही मनगटं रिकामी." आमच्याकडं सवाशिणीचा हात असा रिकामा राहत नाही. घरात काहीतरी झालं असणार, असं सिस्टरना वाटलं. झालं होतंच, पण आम्हाला वाटलं तसं नव्हतं.

बाईंचं वय ४४. गाव निपाणीच्या पश्चिमेला, वेदगंगेच्या काठी. चौदाव्या वर्षापासून विड्या वळतात. नवरा कोगनोळीचा नाका ओलांडून कागलच्या औद्योगिक वसाहतीत फिरत्या पाळीत कामाला, घरचा दीड एकर ऊस. घरात सासू, दोन मुली, त्यातल्या एकीचं लग्न झालेलं. (बाईंना विचारून लिहितो आहे, आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

तक्रार एका वाक्यात : पाच वर्षं सगळं अंग दुखतंय आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल.

बाईंनी एक कापडाच्या दुकानाची पिशवी टेबलावर पालथी केली. सीमाभागातल्या पेशंटची पिशवी ही बघण्यासारखी गोष्ट असते. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरच्या आसपास, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळं पेशंट एकदा या दिशेला जातो, एकदा त्या. कोल्हापूरची चिठ्ठी इंग्रजीत, वर मराठीत पत्ता. बेळगावच्या कार्डावर कन्नड छापील मजकूर, आत इंग्रजी खरडलेलं. गावातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर फक्त गोळ्यांची नावं. मानेचा एमआरआय होता, तो दावणीची म्हैस विकून काढलेला. त्यात मणक्याच्या चकत्या थोड्या झिजलेल्या, म्हणजे ४४ व्या वर्षी कुणाच्याही निघतील इतक्या. तरी बाईंच्या डोक्यात "मणक्यात गॅप हाय" हे वाक्य खिळ्यासारखं बसलं होतं. एका प्लॅस्टिकच्या पुडीत सुट्या पांढऱ्या गोळ्या होत्या, नाव नसलेल्या, आठवडी बाजाराच्या गावातून आणलेल्या. त्यांनी दुखणं हटलं नव्हतं, चेहरा मात्र गोल झाला होता. आदमापूरचा अंगारा होता, तोही त्याच पिशवीत, गोळ्यांइतकाच जपून घडी घातलेला.

आणि तळाशी एक चिठ्ठी माझी.

तीन वर्षांपूर्वीची. बाई माझ्याकडं येऊन गेल्याचं मला आठवत नव्हतं, त्यांना लख्ख आठवत होतं. तक्रारीच्या जागी मी दोन शब्द लिहिले होते, 'जनरलाइज्ड बॉडीएक'. खाली कॅल्शियम, बी-१२ चं इंजेक्शन, पाच दिवसांचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. बाई त्या दिवशी माझ्याशी काय बोलल्या असतील ते मला आज कळतं, कारण या खेपेला त्यांना अर्धा तास बोलू दिलं. त्या अर्ध्या तासात निदान झालं : फायब्रोमायाल्जिया, म्हणजे सांध्यांत-स्नायूंत सूज-जखम नसताना अंगभर दुखत राहण्याचा आजार. रक्त काढलं ते खात्रीसाठी.

त्यांचं बोलणं जमेल तसं त्यांच्याच शब्दांत देतो. मान आणि खांदे "ठणकतात". पाठ "आंबून येते". दंड आणि हात "ठेचल्यागत". पोटऱ्यांत "गोळं येत्यात". कंबर आणि खुबे "धरून राहत्यात". उजव्या हाताच्या तीन बोटांना रात्री "मुंग्या". हे सगळं एकदम नाही, पण यातलं काही ना काही रोज. सकाळी उठल्यावर "रातभर कुणीतरी उकळात घालून कांडल्यागत". झोप लागते, पण "झोपंचा गुण येत न्हाई". हे वाक्य मी वहीत वेगळं लिहून ठेवलं, कारण याच लक्षणासाठी इंग्रजी पुस्तकात जी लांबलचक संज्ञा आहे ती यापेक्षा नेमकी नाही. जत्रेतला कर्णा सहन होत नाही. पूर्वी ज्या वखारीत दिवसभर बसायच्या तिथला तंबाखूचा वास आता दारातून डोकं उठवतो. आणि गिनती चुकते. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधताना बाविसावर हात थांबतो, मागं किती झाल्या ते आठवत नाही. तीस वर्षं बोटं आपोआप मोजत होती, ती आता विसरतात. "मला येड लागायलंय का डॉक्टर?" हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला.

बांगड्यांचं शेवटी निघालं. काच मनगटाला टेकली तरी खुपायची. झोपेत कूस बदलताना बांगडी हाताखाली आली की जाग यायची. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी सगळ्या उतरवून ट्रंकेत ठेवल्या. सासूनं त्यावरून घर डोक्यावर घेतलं. "माझा ल्योक जित्ता हाय अजून," असं म्हणाली. तेव्हापासून दोघी एका चुलीवर, पण बोलणं तुटक.

न दुखणाऱ्या स्पर्शानं दुखणं याला वैद्यकात ॲलोडायनिया म्हणतात. माझ्या आधीच्या सहा चिठ्ठ्यांत, माझी स्वतःची धरून, हा शब्द कुठंही नव्हता. कारण बांगडीचं हे बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं कारण कुणी "कसं दुखतं" असं विचारलं नव्हतं. "कुठं दुखतं" इतकंच विचारलं होतं. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरनं "एल्लि नोवु?" म्हणजे कुठं दुखतं, असं कन्नडमध्ये विचारलं. बाईंचं कन्नड संतेपुरतं, वांगी-टोमॅटोच्या भावाचं. त्यांनी हातानं सगळं अंग दाखवलं. त्यानं लिहिलं, 'बॉडी पेन'. यात कन्नडला दोष देण्यासारखं काही नाही. आग होण्याला उरि, बधिर मुंग्यांना जोमु, असे नेमके शब्द कन्नडमध्येही आहेत. ते त्या पोराला येत असणार आणि कन्नड बोलणाऱ्या बाईंकडून त्याला ते मिळालेही असते. पण माझं काय? माझी आणि बाईंची भाषा एकच होती. ठणका, कळ, चमक, रग, सल, आग, ठुसठुस हे सगळं मला आईच्या तोंडून आलेलं. तरी मी दोनच शब्द लिहिले, तेही इंग्रजी.

हे मी कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही. या आजारात त्याला निदानाचं महत्त्व आहे, म्हणून लिहितो.

फायब्रोमायाल्जिया दाखवणारी रक्ताची तपासणी रोजच्या दवाखान्यात नाही. एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. १९०४ साली विल्यम गॉवर्स यांनी अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं, म्हणजे तंतूंची सूज. सूज सापडली नाही, म्हणून १९७० च्या दशकात नाव बदललं. १९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं निकष ठरवले : अंगावर १८ ठरलेल्या जागा, प्रत्येक ठिकाणी अंगठ्यानं सुमारे ४ किलोचा दाब, १८ पैकी ११ ठिकाणी दुखलं पाहिजे, आणि अंगभर दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त. दाब किती द्यायचा? तपासणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. २०१० मध्ये हे सगळं मागं पडलं आणि २०१६ मध्ये सुधारून जे निकष आले ते जवळजवळ पूर्णपणे पेशंटच्या बोलण्यावर उभे आहेत. शरीराच्या १९ भागांपैकी गेल्या आठवड्यात कुठं कुठं दुखलं, ते मोजायचं. थकवा, ताजंतवानं न करणारी झोप आणि विसरभोळेपणा यांना प्रत्येकी ० ते ३ गुण. डोकेदुखी, ओटीपोटातली कळ, मनाची खिन्नता यांना एकेक. म्हणजे इथली प्रयोगशाळा म्हणजे संभाषण. पेशंटचे शब्द हेच त्यातलं रक्त, आणि आपण ते नमुन्याच्या बाटलीत न घेताच नाल्यात ओततो.

बाईंच्या १९ पैकी १३ जागा भरल्या : मान, दोन खांदे, वरची पाठ, कंबर, दोन दंड, मनगटापर्यंतचे दोन हात, दोन खुबे, दोन पोटऱ्या. लक्षणांचे १२ पैकी ९ गुण. थकव्याला ३, झोपेला ३, विसरण्याला २, डोकेदुखीला १. निदानासाठी ७ आणि ५ पुरतात. शिवाय दुखणं शरीराच्या पाचपैकी निदान चार विभागांत पसरलेलं हवं, तेही होतं.

तपासताना सांध्यांना सूज नाही, स्नायूंची ताकद नीट, रिफ्लेक्स नीट. इतर कारणं बघितलीच पाहिजेत, कारण फायब्रोमायाल्जियाचं लेबल लावून संधिवात किंवा थायरॉइड सोडून देणं ही उलट दिशेची चूक. थायरॉइड, सूज, स्नायू आणि संधिवात यांच्या रक्ततपासण्या (टीएसएच, ईएसआर, सीआरपी, सीके, अँटी-सीसीपी) ठीक. हिमोग्लोबिन १०.४, ड जीवनसत्त्व कमी. आमच्या भागात २००६ च्या चिकुनगुनियानंतर सांधे धरलेले लोक कमी नाहीत, म्हणून तेही विचारलं. घरात सगळ्यांना आला होता, बाईंनाही, पण त्यांचं हे दुखणं त्यानंतर खूप वर्षांनी सुरू झालेलं. उजवं मनगट वाकवून धरलं की मिनिटाच्या आत बोटांना मुंग्या : कार्पल टनेल, म्हणजे मनगटात दबलेली नस. विडी वळणाऱ्या हाताला हे नवल नाही. इथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१६ च्या निकषांत स्पष्ट म्हटलं आहे की दुसरा आजार असला म्हणून फायब्रोमायाल्जियाचं निदान बाद होत नाही. तीन बोटांच्या मुंग्या नसेमुळं, बाकी अंगाचं दुखणं वेगळ्या कारणानं, दोन्ही एकाच बाईत. ॲनिमिया आणि ड जीवनसत्त्व आम्ही भरून काढलं. दुखणं तसंच राहिलं.

पुढच्या भेटीला मी नवऱ्याला आणि सासूला बोलावलं. सासू येणार नाही असं वाटलं होतं. आली, आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीत बसली.

त्यांना काय सांगायचं याचा मी दोन दिवस विचार केला होता. 'दुखणं मेंदूत आहे' असं म्हटलं असतं तर सासूनं उरलेलं वाक्य ऐकलंच नसतं. "म्हंजे मनाचंच हाय," म्हणून मोकळी झाली असती; आणि 'टेन्शन घेऊ नका' असं बाईंना आधी दोघा डॉक्टरांनी सांगून झालंच होतं. नवरा रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी पाजतो हे मला माहीत होतं. म्हणून मी त्यालाच विचारलं, पाटाला पाणी सोडलं आणि दारं धरणारा गडी बांधावरच झोपला तर काय होतं?

"काय व्हतंय? सगळ्या सऱ्या एकदम भरत्यात. बांध फुटतोय."

मग मी सांगितलं. हातापायांतून, पाठीतून निरोप मणक्यातल्या मज्जारज्जूत येतात, तिथून वर मेंदूत जातात. मज्जारज्जूत जणू दारंच आहेत. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी हा विचार मांडला तेव्हा त्यांनी त्याला नावही दाराचंच दिलं. मेंदू नुसता वरून बघत बसत नाही, तो खाली माणूस पाठवतो : ही सरी बंद कर, ती थोडी उघडी ठेव. मेंदूच्या मुळाशी असलेल्या भागांतून नसांची एक वाट खाली उतरते आणि दुखण्याचे निरोप तिथल्या तिथं दाबते. निरोगी माणसाला बांगडी मनगटावर टेकल्याचं दिवसभर कळतच नाही, कारण ते दार बंद असतं. या ताईंचं दार उघडं राहतंय. पाणी नेहमीचंच आहे, हो, चोरून जास्त सोडलेलं नाही. पण अडवणारा गडी झोपलाय, म्हणून बांगडीचं पाणीसुद्धा सरीभर येतंय.

नवरा काही बोलला नाही, मान हलवत राहिला. सासूनं विचारलं, "आणि त्यो गडी झोपला कशानं?"

हा प्रश्न माझ्या आजवरच्या कुठल्याही वैद्यकीय परिषदेत विचारला गेला असता तरी चालला असता. त्याचं एकच उत्तर नाही. झोप हा एक धागा आहे. १९७५ मध्ये टोरांटोच्या हार्वे मोल्डोफ्स्की यांनी धडधाकट विद्यार्थ्यांना रात्री आवाज करून गाढ झोपेत शिरूच दिलं नाही. काही रात्रींत त्यांचं अंग दाबलं की दुखायला लागलं, थकवा आला. गाढ झोप मोडली की गडी थकतो, गडी थकला की दुखतं, दुखलं की झोप मोडते. जनुकांचा वाटा आहे, कारण हे घराण्यात येतं. मोठं आजारपण, अपघात, लहानपणचे हाल यांनंतर सुरू झाल्याच्या कहाण्या बऱ्याच. बाईंची सुरुवात थोरलीच्या बाळंतपणात झाली होती. ४० दिवस बाळंतीण आणि बाळ सांभाळायचं, त्यात रात्रीची लाइट असली की नवऱ्याला बॅटरी घेऊन सोबत करायची, आणि दिवसा विड्या चालूच.

मेंदूतली भानगड लोकांनी कशी दाखवली, ते मी त्या दिवशी थोडक्यात सांगितलं, इथं जरा विस्तारानं सांगतो. २००२ साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ फायब्रोमायाल्जियाचे पेशंट आणि १६ निरोगी लोक घेतले. एकेकाला फंक्शनल एमआरआयच्या, म्हणजे मेंदूचे कुठले भाग कामाला लागतात ते दाखवणाऱ्या यंत्राच्या नळकांड्यात झोपवलं आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला. अंगठा मुद्दाम निवडला, कारण ती १८ जागांपैकी नाही, तिथं पेशंटला एरवी काही त्रास नसतो. सारखंच दुखायला पेशंटला निरोगी माणसाच्या जवळजवळ निम्माच दाब पुरला. पण खरी गोष्ट पुढं आहे. पेशंट 'मध्यम दुखतंय' म्हणाले तेव्हा त्यांच्या मेंदूतले जे भाग पेटले, त्यातले बरेचसे भाग निरोगी माणसांतही पेटले, पण दुप्पट दाबाला. तोच कमी दाब निरोगी माणसांना दिला तर त्यांच्या मेंदूत फारसं काही घडलं नाही. म्हणजे पेशंट वाढवून सांगत नव्हते. त्यांचे शब्द आणि त्यांचा मेंदू एकच आकडा सांगत होते.

मला हा प्रयोग आवडतो, तो याच कारणासाठी. सासूलाही हाच भाग पटला. तिनं सुनेचा अंगठा हातात घेऊन नख हळूच दाबून बघितलं. सून कळवळली. मग सासूनं आपलं नख त्याहून जोरात दाबलं आणि नुसतंच "हं" म्हणाली.

पुढचे धागे एकाच दिशेला जातात. १९९४ मध्ये आय. जॉन रसेल यांच्या गटानं पेशंटच्या मणक्यातल्या पाण्यात 'सब्स्टन्स पी' हे दुखण्याचा निरोप पोचवणारं द्रव्य सुमारे तिप्पट असल्याचं दाखवलं. २००९ मध्ये स्वीडनमध्ये कारिन येन्सन आणि सहकाऱ्यांनी १६ पेशंट बायकांत दाखवलं की दाब दिल्यावर मेंदूचा पुढचा सिंग्युलेट भाग, जो दुखणं आवरायच्या कामात असतो, तो निरोगी बायकांइतका उठत नाही. माझा झोपलेला गडी तो हाच, निदान त्याचा मुकादम तरी. त्याच वर्षी मिशिगनमध्ये रिचर्ड हॅरिस यांच्या गटाला इन्सुला नावाच्या भागात ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य जास्त सापडलं. त्याआधी २००७ मध्ये त्यांनीच दाखवलं होतं की शरीराची स्वतःची अफू जिथं चिकटते त्या जागा पेशंटच्या मेंदूत कमी मोकळ्या असतात. अफूच्या कुळातली औषधं या आजारात फारशी का चालत नाहीत, याचं एक कारण इथं असावं. बाईंना सोसत नसलेला कर्णा आणि तंबाखूचा वास यांचाही पत्ता लागतो : २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या मरीना लोपेझ-सोला यांनी उजेड, आवाज, साधा स्पर्श असं न दुखणारं देऊन बघितलं, तर डोळ्या-कानांच्या मुख्य केंद्रांत पेशंटचा प्रतिसाद कमी आणि इन्सुलात जास्त निघाला. २०१७ पासून दुखण्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं अशा दुखण्याला स्वतःचं नावच दिलं आहे, नोसिप्लास्टिक. जखम नाही, नस तुटलेली नाही, निरोप हाताळण्याची रीतच बदललेली.

हे सगळं वाचून बाईंनी विचारला तोच प्रश्न वाचकाला पडेल. "मग माझा पन तसला फोटू काढा की." नाही काढता येत. हे प्रयोग गटांची सरासरी सांगतात. एकट्या पेशंटचं निदान त्यातून होत नाही. म्हैस विकून काढलेला एमआरआय मेंदूचं किंवा मणक्याचं घर दाखवतो, घरात कोण भांडतंय ते नाही.

सगळं खापर मेंदूवर फोडायचीही घाई नको. २०१३ मध्ये बोस्टनच्या ॲन ओकलँडर यांना कातडीचा तुकडा तपासल्यावर १० पैकी साधारण ४ पेशंटमध्ये बारीक नसांची हानी दिसली. २०२१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी पेशंटच्या रक्तातल्या अँटिबॉडीज उंदरांना टोचल्या आणि उंदरांना दाब व गारवा जास्त दुखायला लागला. म्हणजे पाटाचं मूळही कुठंतरी गळत असेल. माझं दाऱ्यांचं उदाहरण इथं तोकडं पडतं, आणि मी ते सासूला सांगितलं नाही.

बायकांनाच का? १९९० च्या निकषांनी मोजलं की एका पुरुषामागं सात-आठ बायका निघायच्या. दाब सोसायची मर्यादा सरासरीनं बायकांची कमी असते, त्यामुळं अंगठ्याच्या परीक्षेत त्या जास्त 'पास' व्हायच्या. नव्या निकषांत ही दरी पुष्कळ कमी होते, तरी बायका जास्तच. वर सांगितलेल्या प्रयोगांतही बहुतेक जणी बायकाच आहेत, त्यामुळं पुरुषांच्या मेंदूबद्दल त्यातून फार बोलू नये. आमच्याकडं उसाच्या टोळीतला किंवा गुऱ्हाळावरचा माणूस हेच दुखणं घेऊन येतो तेव्हा आम्ही त्याला सांगतो, कामच तसं आहे. विडीवाल्या बाईला सांगतो, मनाला लावून घेऊ नका. दोघंही इंजेक्शन घेऊन घरी जातात.

उपचार सांगायला फार नाहीत. पुडीतल्या गोळ्या स्टेरॉइड असणार असं धरून, एकदम न तोडता सहा आठवड्यांत उतरवल्या आणि सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बघून बंद केल्या. डायक्लोफिनॅक बंद, या आजारात त्याचा उपयोग नसतो आणि मूत्रपिंड फुकट झिजतं. ईसीजी बघून अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, रात्री आठला, जेवणाआधी. तोंड कोरडं पडलं, पण तिसऱ्या आठवड्यात "आज झोपंचा गुण आला" असं वाक्य ऐकलं. प्रिगॅबलिन, ड्युलोक्सेटिन आणि मिल्नासिप्रान यांना अमेरिकेत २००७ ते २००९ या काळात या आजारासाठी मान्यता मिळाली. त्यातलं ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅम आम्ही चौथ्या महिन्यात कमी डोसातच जोडलं. प्रिगॅबलिननं गुंगी येते आणि बाईंना कात्रीनं पान कापायचं असतं, म्हणून ते दिलं नाही.

युरोपच्या ऱ्हुमॅटॉलॉजी संघटनेनं २०१७ मध्ये सगळे उपचार तोलून बघितले तेव्हा 'ठाम शिफारस' एकाच गोष्टीला मिळाली. व्यायाम. हे बाईंना सांगणं सगळ्यात अवघड. दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम करा म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. "मी काय बसून खाते व्हय?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. काम आणि व्यायाम यांत फरक एकच, काम संपेपर्यंत थांबता येत नाही, व्यायाम वेळ झाली की थांबवता येतो. पहिले दोन आठवडे घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत, पाच मिनिटं. बरं वाटलं तरी सहावं मिनिट नाही. हा शेवटचा नियम त्यांनी पहिल्याच महिन्यात मोडला. अंग हलकं वाटलं म्हणून एका दिवसात घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर नेऊन धुतल्या, नंतर चार दिवस अंथरुणात. गुण आल्याच्या दिवशी पाच वर्षांचं उरलेलं काम काढायचं आणि मग आडवं व्हायचं, हा या आजाराचा नेहमीचा खड्डा. आता एका दिवशी एकच वाकळ, आणि पिळायला धाकटी. विड्यांचं सूप मांडीवरून पाटावर आलं, पाठ भिंतीला. चार कट्टे झाले की उठून अंगणात एक फेरी. रोजी कमी झाली, हे लिहिलंच पाहिजे. विडीची मजुरी हजारावर मिळते, फेरीवर नाही. पाण्याच्या रात्री नवरा आता पुतण्याला सोबत नेतो. औषधापेक्षा या एका बदलानं जास्त झालं असावं असा माझा अंदाज आहे. पुरावा नाही.

आठ महिन्यांनी दुखणाऱ्या जागा १३ वरून ८, लक्षणांचे गुण ९ वरून ५. बीपीचा पट्टा अजून आवळतो, पण खुर्चीतून उठवत नाही. मधे आषाढात, गावात पाणी भरलं आणि आठ दिवस सगळे शाळेत राहिले तेव्हा, सगळं परत उफाळलं होतं. तेव्हा बाईंनी फोनवर सांगितलं ते मी जसंच्या तसं केस पेपरवर उतरवलं : "गडी पुन्यांदा झोपलाय." कट्टा मोजताना अजून कधीतरी चुकतं. त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली, दर पाच विड्यांमागं एक चिंचोका बाजूला.

परवा आल्या तेव्हा सिस्टरनी आधी हात बघितले. डाव्या हातात दोन हिरव्या काचेच्या बांगड्या, आकारानं एक नंबर मोठ्या, सैल. कासाराकडून सासूच घेऊन आली होती. उजवा हात रिकामाच. तो कार्पल टनेलचा हात, रात्रीचा पट्टा बांधूनही मुंग्या गेलेल्या नाहीत. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसेची तपासणी, करायचं ठरलं आहे. त्याच्या चिठ्ठीवर मी तक्रार मराठीत लिहिली. तिथल्या डॉक्टरना ती वाचता येईल.